मार्ताचे डोहाळे

मार्ताच्या आईचं पत्र संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आलं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. द्यायचंच नाही असं ठरवलं होतं असं नाही. रोज सकाळची कॉफी झाली की मी पुढच्या खोलीतल्या मेजाशी बसत असे, कागद ओढत असे, वर तारीख घालत असे. मग 'प्रिय' लिहावं की 'आदरणीय' इथेच अडत असे. जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली, दुसऱ्यांच्या पुस्तकांना नंबर घातले. स्वतःचं एक वाक्य कुणापुढे ठेवायची वेळ आली की हात आखडतो.

पत्र इंग्रजीत होतं. विहीणबाईंना पोलिशशिवाय दुसरी भाषा येत नाही. त्यांनी गावातल्या शाळामास्तरांकडून ते लिहवून घेतलं होतं, आणि त्या मास्तरांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे पहिल्याच ओळीला माझ्या लक्षात आलं आणि मी खचलो.

पत्रात गुपित असं काही नव्हतं. गजेंद्रनं, माझ्या मुलानं, ते जेवताना सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. गजेंद्र सरकारी शिष्यवृत्तीवर पोलंडात इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि येताना मार्ताला लग्न करून घेऊन आला. आता तो पेरंबूरला रेल्वेचे डबे करण्याच्या कारखान्यात आहे. मार्ताला तेव्हा नुकते दिवस गेले होते. विहीणबाईंनी लिहिलं होतं: 'गजेंद्र इथे असताना मला सांगत असे, की तुमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण मुलीला पाठवायची की नाही हे तिच्या सासरची वडील माणसं ठरवतात. म्हणून मी मुलीला काही न विचारता तुम्हांला विचारते आहे. मी तिची वाट पाहू का?'

एवढाच प्रश्न. 'हो' म्हणायचं होतं किंवा 'नाही'.

"यांत लिहायला काय आहे रे एवढं?" माझी थोरली बहीण भवानीअक्का म्हणाली. ती लहानपणीच विधवा झाली आणि तंजावरहून आमच्याकडे आली. माझी बायको गेल्यापासून घर तिनंच चालवलं आहे. "पाठवतो म्हणून लिही. रीतच आहे. हें बाळंतपण माझ्या म्हाताऱ्या हातांनी व्हायचं नाही, आधीच सांगते."

"लिहितो अक्का."

"लिहितो लिहितो म्हणत पोर शाळेला जाईल."

मार्तानं मात्र कधी तगादा लावला नाही. कधीतरी टपालवाला येऊन गेला की ती दारातून विचारायची, "अप्पाजी, आईला?" आणि मी म्हणायचो, "आज लिहितो, बाळ." तिची मराठी गजेंद्रनं शिकवलेली आणि अक्कानं बिघडवलेली होती. 'वाट पाहणे' हा प्रयोग तिला फार आवडायचा. त्यांच्या भाषेत वाट 'पाहत' नाहीत म्हणे.

नुसत्या इंग्रजीची भीती असती तर गजेंद्रकडून लिहवून घेतलं असतं. मला दुसरीच भीती होती आणि ती मी कुणाला सांगितली नाही. पोरगी एकदा गेली की परत येणार नाही असं मला वाटत होतं. तिकडे बर्फ आहे, आई आहे, आपली भाषा आहे. इथे काय आहे? अड्यारचे डास आणि आम्ही दोन म्हातारी. ती आली नाही तर गजेंद्र तिच्यामागे जाईल. मग या घरात अक्का, मी आणि पुस्तकं. 'नाही' लिहायचं धैर्य नव्हतं, आणि 'हो' लिहायचं मन होत नव्हतं. म्हणून मी रोज तारीख तेवढी बदलत राहिलो.

असं करता करता तो महिना आला, ज्यानंतर गरोदर बाईला बोटीवर घेत नाहीत. तो गेलासुद्धा. प्रश्न आपोआप सुटला असं मी स्वतःला सांगितलं. त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं, हे इथे लिहिताना बरं वाटत नाही.

ऊन वाढलं आणि मार्ताचं खाणं तुटलं. भात समोर आला की ती पान सरकवायची. डॉक्टरीणबाई रागावल्या. अक्कानं ताकभात, डाळ भाजून केलेली पोडी, लिंबाचं गोड लोणचं, सगळं करून पाहिलं. शेवटी एका दुपारी तिनं मार्ताला पाटावर बसवलं आणि रीतसर विचारलं, "अगो, तुला डोहाळे कशाचे लागलेत तें तरी सांग. डोहाळे पुरवले नाहींत तर मुलाचे कान फुटतात. मग मला दोष नको."

मार्तानं आधी गजेंद्रकडे पाहिलं. मग म्हणाली, "आंबट."

"बघ!" अक्का खूश झाली. "सगळ्या जगाच्या पोरींना आंबटच लागतं. चिंच की कैरी?"

"कोबी. आंबट कोबी."

अक्काचा चेहरा थोडा उतरला. "कोबी तर कोबी. पुढें?"

"त्याला मीठ लावून ठेवायचं, आंबेपर्यंत. मग शिजवायचा. पुष्कळ वेळ. त्यात..." आणि ती थांबली. गजेंद्र छताकडे पाहू लागला.

"त्यांत काय?"

"सॉसेज घालतात, आत्या," गजेंद्र म्हणाला. "बिगोस म्हणतात त्याला. तिची आई करते."

"सॉसेज म्हणजे?"

गजेंद्रनं पुन्हा छताकडे पाहिलं.

"कशाचं तें सांग रे. मी काही मरत नाहीं."

"डुकराचं."

अक्का उठली. आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. मार्ता घाबरून माझ्याकडे पाहत होती आणि मी, नेहमीसारखा, चष्मा पुसत होतो. बऱ्याच वेळानं अक्का दारात आली. "विहिरीच्या पलीकडे चूल मांडा. माझी एक पळी तिकडे जायची नाहीं. भांडीं नवीं आणा आणि नंतर तीं कुणाला तरी देऊन टाका. त्या दिवशीं मी देवघरांत पोथी वाचत बसेन. मला कांहीं दिसायचं नाहीं, कांहीं ऐकूं यायचं नाहीं."

"अक्का..." मी म्हणालो.

"अक्का काय? तूं वेळेवर पत्र लिहिलं असतंस तर ही तिच्या आईच्या अंगणांत बसून खात असती."

मी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

कोत्तवाल चावडीच्या भाजीबाजारातून मी स्वतः कोबी आणला, उटीचा, घट्ट, आणि एक नवी चिनी मातीची भरणी आणली. निदान हे तरी माझ्या हातून व्हावं असं मला वाटत होतं. नुसत्या कोबी-मिठाला अक्काची हरकत नव्हती. तिनं आपली विळी दिली. पण मार्ताला त्या अवस्थेत विळीवर बसवेना, म्हणून मी बसलो. जन्मात विळीवर बसलो नव्हतो.

"अप्पाजी, इतकं जाड नको," मार्ता खुर्चीवरून म्हणाली. "पातळ. पुस्तकाच्या पानासारखं."

"असं सांग ना मग," मी म्हणालो, आणि खरोखरच त्यानंतर मला ते जमलं.

मार्तानं परातीत खडेमीठ घालून कोबी दोन्ही हातांनी चोळला, त्याला पाणी सुटेपर्यंत. सांगत होती, की त्यांच्याकडे शरद ऋतूत सगळ्या गल्लीचा कोबी एका पिंपात भरतात आणि मुलांना पाय धुऊन त्यात उतरवतात. मुलं नाचत नाचत तो तुडवतात. तीही तुडवायची, आईच्या खांद्याला धरून.

"पायांनीं?" अक्का आतून ओरडली. तिला काही ऐकू यायचं नव्हतं ते सॉसेजच्या दिवशी, त्या दिवशी नाही. "अय्यो! आणि तेंच खातां?"

"हो आत्याबाई. म्हणून तर आंबतं."

अक्का हसली. मार्ताही हसली. कित्येक दिवसांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. भरणीत कोबी दाबून भरला, वर गरम पाण्यानं धुतलेला एक दगड ठेवला, तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि भरणी माझ्या खोलीच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाखाली ठेवली. "तुम्ही सांभाळा," मार्ता मला म्हणाली.

तिनं मला काय सांभाळायचं ते सांगितलं नाही. तिच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. दूध तापलं की वर येतं हे आपण कुणाला सांगतो का?

शनिवारी गजेंद्र तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. अक्का शेजारी पापड लाटायला गेली होती. मी वाचत बसलो होतो. वास आधी आला, मग पाहिलं तर भरणीच्या कडेवरून पाणी ओघळलं होतं. फडकं सोडलं. वर फेस आला होता, बुडबुडे फुटत होते, आणि वास असा की मान मागे घ्यावी लागली.

आमच्या आईचा एक समज होता. ज्या घरात भरणीतलं लोणचं नासतं, त्या घरात त्या वर्षी... ती पुढचं वाक्य कधीच पुरं करत नसे. हात जोडत असे. मी शिकलेला माणूस आहे. असल्या गोष्टी मी मानत नाही असं मी जन्मभर म्हणत आलो. पण त्या वेळी घरात पोटुशी मुलगी होती आणि भरणी माझ्या ताब्यात होती.

नासू लागलेलं लोणचं आई कसं वाचवायची हे मला आठवत होतं. लहानपणी पाहिलेलं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, तिळाचं तेल तापवलं, मोहरी घातली, मेथी घातली, हिंग घातला, जरा जास्तच, हळद घातली. तेल पार निवू दिलं. वरचा फेस डावानं काढून टाकला आणि तेल कोबीवर ओतलं, चार बोटं वर येईल असं. भरणी पुसली, नवं फडकं बांधलं. वास बदलला होता, आपला वाटण्यासारखा झाला होता. कुणाला काही सांगितलं नाही. सांगून पोरीला उगाच भीती घालायची कशाला? खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी मनातून खूश होतो. यंदा एक गोष्ट तरी मी वेळेवर केली होती.

रविवारी गजेंद्र पेरंबूरहून सॉसेज घेऊन आला. रेल्वे वसाहतीत एक अँग्लो-इंडियन बाई घरी करतात. त्यानं ते वर्तमानपत्रात, त्यावर मेणकागदात आणि त्यावर पिशवीत असं गुंडाळून आणलं होतं, जसं काही चोरून आणतो आहे. विहिरीपलीकडे नारळाखाली चूल पेटली. नवी पातेली, नव्या पळ्या. अक्का पोथी घेऊन देवघरात गेली आणि रोजच्यापेक्षा बऱ्याच मोठ्यानं वाचू लागली.

मार्तानं भरणीचं फडकं सोडलं. आत पाहिलं. बोट बुडवलं, वर काढलं. बोटाला तेल आणि एक मोहरी.

"हे काय?"

गजेंद्रनं वाकून वास घेतला. "हिंग? अप्पा, हे कुणी..."

"नासत होतं," मी म्हणालो. "फेस आला होता. मी वाचवलं."

मार्ता माझ्याकडे बघत राहिली. मग ती हसू लागली. हसता हसता तिनं नारळाच्या बुंध्याला हात टेकला. गजेंद्रही हसला, आणि मीही, का हसतो आहोत ते न कळता. मग आमच्या दोघांच्या लक्षात आलं की ती आता हसत नाही.

"अप्पा, तो फेस यायलाच पाहिजे असतो," गजेंद्र हळूच मला म्हणाला. "तेव्हाच तर आंबतो तो."

"पुन्हा घालू," मी म्हणालो. "मी उद्याच जातो. उद्याच कोबी आणतो."

"नको," मार्ता डोळे पुसून म्हणाली. "जे आहे ते शिजवू."

तिनं तेल काढलं, कोबी पाण्यातून पिळून घेतला. कांदा परतून त्यात कोबी शिजत ठेवला, दुसऱ्या पातेल्यात सॉसेजचे तुकडे लाल केले. पण ते तुकडे कोबीत जाण्याआधी तिनं शिजलेला थोडा कोबी एका वाटीत बाजूला काढला. "हा तुमचा, अप्पाजी. यात काही नाही." त्यांच्याकडे सुकवलेली आळंबी आणि प्लम घालतात. इथे आळंबी कुठली! प्लमच्या ऐवजी तिनं मनुका घातल्या, तमालपत्र घातलं आणि झाकण ठेवलं. दोन तास ते रटरटत राहिलं. सगळ्या परसात वास भरला.

"गुरु!" देवघरातून माझ्या नावानं हाक आली. "काहीतरी जळतंय रे!"

"जळत नाही अक्का, शिजतंय."

"मग जळलेलं बरं!" आणि पोथी पुन्हा सुरू झाली.

मार्तानं ॲल्युमिनियमच्या ताटलीत वाढून घेतलं आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसली. पहिला घास घेतला. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. दुसरा घेतला. तिसरा चमच्यात घेऊन ती थांबली.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"छान," ती म्हणाली, आणि चमचा ताटलीत ठेवला.

गजेंद्र मान खाली घालून भराभर खात होता. माझी वाटी माझ्या हातात होती. त्यात नुसता कोबी होता, मला माहीत होतं. तिनं माझ्यासाठी आठवणीनं, आधी काढून ठेवला होता. पण कांदा परतलेली पळी आणि सॉसेज हलवलेली पळी एकच होती का, कुठली आधी आणि कुठली नंतर, हे मी आठवू लागलो. एवढं आठवत बसायची काही गरज नव्हती. वाटी तोंडापर्यंत नेली. पुढे हात जाईना. लहानपणापासूनचं अंगवळण म्हणावं, की निव्वळ भित्रेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी वाटी कट्ट्यावर ठेवली.

तिनं ते पाहिलं.

"असू दे, अप्पाजी."

"बाळ, मी..."

"मला ठाऊक होतं, हे तसं होणार नाही म्हणून," ती म्हणाली. शब्द शोधत, सावकाश बोलत होती. "तुमच्या हिंगानं बिघडलं नाही. हिंग नसता तरी तसं झालं नसतं. मला घरी जायचं होतं. ते झालं नाही. मग मी म्हटलं, कोबी तरी."

गजेंद्रचा चमचा थांबला. पोथीचा आवाजही थांबला होता, कधी ते मला कळलं नाही.

मी म्हणालो, "तू गेली असतीस तर परत आली नसतीस असं मला वाटलं."

एवढे महिने हे वाक्य मला इंग्रजीतही आलं नव्हतं आणि मराठीतही. मार्ता जराशी चकितच झाली. "तुम्ही हे विचारायचं होतं मला," ती म्हणाली. पुढे काय उत्तर दिलं असतं ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आता विचारून उपयोग नव्हता.

मग तीच म्हणाली, "आईला लिहा ना हे. हिंगाचं. ती पोट धरून हसेल."

"आणि बाकीचं?"

"बाकीचंही लिहा. ती अजून वाट पाहते आहे." मग तिनं ताटली उचलली आणि आणखी एक घास खाल्ला. "उद्या जरा बरा लागेल. बिगोस रोज गरम करतात, रोज चांगला होतो."

तो दुसऱ्या दिवशी चांगला झाला की नाही हे तिनं मला कधी सांगितलं नाही. चार दिवस ती तो थोडा थोडा खात होती, एवढं मी पाहिलं.

त्याच दुपारी मी मेजाशी बसलो. 'प्रिय विहीणबाई' असं लिहिलं, आणि विहीण म्हणजे काय ते पुढे इंग्रजीत सांगितलं, कारण त्या भाषेत त्याला शब्द नाही. मग मी लिहिलं, की तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर पौषातच 'हो' असं द्यायला हवं होतं. मी ते दिलं नाही, आणि आता तिला पाठवण्याची वेळ निघून गेली आहे. तिला कुणी अडवलं नव्हतं. मी नुसता गप्प बसलो, आणि गप्प बसूनच तिला अडवलं. का बसलो तेही लिहिलं. कोबीचं, फेसाचं आणि तेलाचं सगळं लिहिलं. वाटीचंही लिहिलं. ते खोडलं, पुन्हा लिहिलं.

अक्का मागे येऊन उभी राहिली. "आमच्याकडे या म्हणून लिही. मुलीच्या घरीं येऊं नये हें आपल्याकडचं. त्यांच्याकडे तसं कांहीं नसेल. असलं तरी लिही."

"त्यांना यायला तिकडच्या सरकारची परवानगी मिळेल का, कोण जाणे."

"तें त्या बघतील. तूं लिही."

मी लिहिलं, की तुम्हांला येता आलं तर हे घर तुमचं आहे. येता नाही आलं, तर बाळ प्रवासाजोगं झालं की मार्ता आणि बाळ दोघं तुमच्याकडे येतील. किती दिवसांसाठी, हे मी विचारणार नाही. ती ठरवेल. शेवटच्या दोन शब्दांशी मी बराच वेळ बसलो. गजेंद्रबद्दल काही लिहावं असं मनात आलं, पण त्यानं काय करावं हे माझ्या पत्रात लिहायचं नव्हतं. मी सही केली.

सोमवारी सकाळी अड्यारच्या पोस्टात गेलो. खिडकीपाशी रांग होती. माझी पाळी आली तेव्हा कारकुनानं पत्ता वाचला आणि विचारलं, "सार, पोलंडला? कोण आहे तिकडे?"

"माझ्या सुनेची आई," मी तमिळमध्ये म्हणालो.

त्यानं तिकिटं दिली. मी ती जिभेनं ओली करून लावली, आणि तेव्हाच आठवलं की दुसऱ्या पानावर एका वाक्यात नक्की चूक राहिली आहे. पाकीट बंद झालेलं होतं. फोडलं असतं तर ते पुन्हा मेजावर गेलं असतं आणि वर नवी तारीख पडली असती. बाहेर येऊन मी ते लाल पेटीत टाकलं. पेटी भरलेली असावी, आत पडल्याचा आवाज आला नाही. मी हात आत घालून ते खाली ढकललं, आणि उन्हं वाढायच्या आत घरी आलो.